जागा सांगेल ते घ्यावं

कसबा पेठेतली तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, सिंहगडाची वाट आणि आषाढीच्या आधी पालखीबरोबर दिवे घाट. माझं चित्रीकरण बहुतेक एवढ्याच परिघात चालतं. कॅमेरा छोटा, तळहातावर मावणारा, एक इंची सेन्सरचा, स्क्रीन उघडून स्वतःकडे वळवता येणारा. त्याच्यावर मी समाधानी आहे. खरा विचार करायला लावला तो त्याच्या भोवतीच्या वस्तूंनी. माइक, वाऱ्याची टोपी, स्टँड, दिवा, बॅटऱ्या, कार्डं, वायरी यांतलं काय घ्यावं आणि काय दुकानातच राहू द्यावं, हे मला जाहिरातींपेक्षा पुण्याच्या गल्ल्यांनी जास्त शिकवलं. ते इथे मांडते आहे. तुमची गल्ली वेगळी असेल तर यादीही वेगळी निघेल, आणि ती तशीच निघायला हवी.

१. कॅमेऱ्याला काय शोभतं यापेक्षा जागेला काय लागतं, हे आधी बघावं.

‘व्लॉगिंग किट’ म्हणून जे खोके मिळतात, त्यांत एक छोटा स्टँड, एक दिवा आणि एक माइक असतो. ते खोकं बांधणाऱ्याने मनात एक खोली धरलेली असते. शांत, चार भिंतींची, एकाच जागी बसून बोलणाऱ्या माणसाची. माझ्या जागा अशा नाहीत. तांबट आळीत आवाज फार, बुरूड आळीत जागा कमी, जुन्या वाड्यात उजेड कमी, सिंहगडावर वारा फार. त्यामुळे नव्या ठिकाणी आधी मी नुसता कॅमेरा पिशवीत टाकून जाते. थोडा वेळ उभी राहते. आवाज कुठून येतो, ऊन कोणत्या भिंतीवर पडतं, कुणाच्या जाण्यायेण्याच्या आड न येता कुठे उभं राहता येईल, प्लग आहे का, एवढं बघून घेते. यादी त्यानंतर घरी करते. मला नवल वाटलं ते याचं, की जागा बघून आलं की यादी वाढत नाही, कमीच होते. तुम्ही स्वयंपाकघरात चित्रीकरण करत असाल, तर एकदा नुसतं तिथे उभं राहून मिक्सर, कुकर, एक्झॉस्ट पंखा आणि फ्रिज ऐकून बघा. काय घ्यायचं याचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

२. पहिला पैसा आवाजावर घालावा.

चित्र थोडं काळवंडलेलं असलं तरी लोक बघतात. शब्द कळेनासे झाले की पुढे सरकतात. यामागे साधं गणित आहे. बोलणाऱ्याच्या तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की त्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. कॉलरला लावलेला माइक ओठांपासून २० सेंटिमीटरवर असतो, हात लांब करून धरलेला कॅमेरा ८० सेंटिमीटरवर. म्हणजे अंतर दोनदा दुप्पट झालं आणि आवाज १२ डेसिबलने खाली गेला. रस्त्यावरचा गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. कॅमेऱ्यातला माइक कितीही चांगला असला तरी हे अंतर त्याला कापता येत नाही, ते आपणच कापायचं असतं.

लॉ कॉलेज रोडवरून जाताना फिल्म इन्स्टिट्यूटचं फाटक दिसलं की मला विष्णुपंत दामले आठवतात. कोल्हापुरात १९२९ मध्ये निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात याच जागेवर आली. पुढे १९६० मध्ये तिथेच इन्स्टिट्यूट उभी राहिली. दामले म्हटलं की लोकांना १९३६ चा ‘संत तुकाराम’ आठवतो, कारण फत्तेलाल यांच्याबरोबर तो त्यांनी दिग्दर्शित केला. पण प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची बाजूही दामलेच सांभाळत. बोलपटाच्या पहिल्या दशकात आवाजावर इतका जीव लावणारा माणूस आपल्याच गावात काम करून गेला, हे कळल्यापासून माइक निवडताना मी घाई करत नाही.

३. माइक कुठे लावायचा, हा माइक कोणता घ्यायचा याहून मोठा प्रश्न आहे.

वायरचा कॉलर माइक मला अजूनही आवडतो. बोयाचा बीवाय-एम१ आपल्याकडे घरोघरी पोहोचला आहे. त्याला सहा मीटर वायर, पोटात एलआर४४ ची बटणाएवढी बॅटरी आणि एक खटका. कॅमेऱ्याला लावताना खटका कॅमेऱ्याच्या बाजूला हवा, फोनला लावताना फोनच्या. समोरचा माणूस एका जागी बसून काम करत असेल तर वायरची अडचण होत नाही आणि चार्जिंगची काळजी राहत नाही. माणूस हिंडत असेल किंवा दोघं बोलत असतील, तर दोन ट्रान्समीटरचा वायरलेस संच सोयीचा. तो बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो, म्हणजे वायफायच्याच वाटेवर. गर्दीत आणि शरीराच्या आड आल्यावर त्याची पोच घटते. म्हणून ट्रान्समीटरमध्ये स्वतःचं रेकॉर्डिंग होत असेल तर ते जमेचं धरावं.

खरी शिकवण मला बुरूड आळीत मिळाली. सूप विणणाऱ्या एका मावशींच्या पदराला माइक लावला होता. बोलणं स्वच्छ येत होतं, पण त्या पुढे वाकल्या की मंगळसूत्राचे मणी माइकवर घासत आणि बांगड्यांची किणकिण मध्ये येई. पदरही सतत सरकत होता. त्यांनीच मग माइक काढून ब्लाउजच्या गळ्याला, मंगळसूत्राच्या वर, विरुद्ध बाजूला लावून घेतला आणि म्हणाल्या, “आता बघ बरं.” घासणं थांबलं. तेव्हापासून बायकांशी बोलताना मी माइक त्यांच्या हातात देते. कपड्याचं, दागिन्याचं आणि कामाच्या हालचालीचं त्यांना जेवढं कळतं तेवढं मला कळत नाही, आणि त्यांनी स्वतः लावलेल्या माइकचा त्यांना संकोचही वाटत नाही.

४. खरेदीआधी कॅमेऱ्याची भोकं बघावीत.

ऐकायला हे अगदी किरकोळ वाटतं, पण सगळ्या ॲक्सेसरीज शेवटी तिथेच अडतात किंवा जुळतात. माइकचं भोक आहे का? कॅननच्या जी७एक्स मालिकेत मार्क २ ला ते नव्हतं, २०१९ च्या मार्क ३ ला आलं. हेडफोनचं आहे का? सोनीच्या झेडव्ही-१ ला नाही. त्यामुळे थोडं रेकॉर्ड करायचं, लगेच वाजवून ऐकायचं आणि मगच पुढे जायचं, ही सवय लागते. चार्जिंग कशाचं? २०२० च्या झेडव्ही-१ ला मायक्रो यूएसबी लागते, २०२३ च्या झेडव्ही-१ मार्क २ ला टाइप-सी.

माइकची पिनसुद्धा नीट बघावी. ३.५ मिलिमीटरच्या सगळ्या पिना सारख्याच वाटतात, पण पिनेवर दोन काळ्या रेघा असतील तर ती कॅमेऱ्याची, तीन असतील तर फोनची. तीन रेघांची पिन कॅमेऱ्यात बसते, पण आवाज येईलच याची खात्री नसते. मधलं जोडणारं छोटं पिल्लू तपकीर गल्लीत सहज मिळतं. आणि कॅमेऱ्याचं बूड बघायला विसरू नये. छोट्या कॅमेऱ्यांत स्टँडचं भोक आणि बॅटरी-कार्डाचं झाकण अगदी शेजारीशेजारी असतात. मोठी प्लेट लावली की प्रत्येक बॅटरी बदलताना ती काढावी लागते, म्हणून प्लेट जितकी अरुंद तितकी बरी.

५. वारा नंतर काढता येत नाही, त्याला आधीच अडवावं लागतं.

पावसाळ्यात सिंहगडावर कल्याण दरवाजाकडे उभं राहिलं की पश्चिमेचा वारा थेट अंगावर येतो. माइकवर तो नुसता गोंगाट म्हणून येत नाही. माइकचा पडदाच तो ढकलतो, आणि त्या धक्क्याखाली बोलणं चिरडलं जातं. संगणकावर कितीही खटपट केली तरी चिरडलेला शब्द परत येत नाही. काळा स्पंज घरात ठीक आहे, ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना येणारी फुंकर तो अडवतो. उघड्यावर मात्र लांब केसांची टोपीच लागते. तिचे केस वाऱ्याचा जोर मोडतात आणि आत माइकभोवती हवेचा एक स्थिर थर राहतो. काही कॅमेऱ्यांबरोबर ती खोक्यातच मिळते. झेडव्ही-१ बरोबर ती येते आणि वरच्या खाचेत बसते.

या टोपीइतकंच उपयोगी पडलेलं एक साधन फुकटचं आहे, आपली पाठ. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की छातीवरचा माइक आडोशाला येतो. गडावर बुरुजाची आतली बाजू, घाटात दरडीचा कोपरा, टेकडीवर झाडाचं खोड यांच्या आडोशाला उभं राहून बोलायचं आणि मोकळ्यावर येऊन दृश्य घ्यायचं. पार्श्वभूमी थोडी कमी देखणी होते, शब्द मात्र पूर्ण राहतो.

६. मोठा आवाज हा शत्रू नसतो, त्याला वेगळी जागा द्यावी लागते.

पेशवाईत कोकणातून येऊन पुण्यात स्थिरावलेल्या तांबटांच्या आळीत अजूनही तांब्यावर हातोडी पडते. भांडं घडून झालं की त्याच्यावर मठारकाम होतं. गोल तोंडाच्या हातोडीने शेजारीशेजारी, एकसारख्या अंतराने ठोके द्यायचे. ठोक्याठोक्याने पत्रा घट्ट होतो आणि भांड्यावर उजेड झेलणारे छोटे खळगे उमटतात. बघताना डोळ्यांचं पारणं फिटतं आणि कान बधिर होतात. कॅमेऱ्याचं ‘ऑटो’ अशा ठिकाणी गोंधळतं. ठोका पडला की ते आवाज दाबतं, ठोका थांबला की एकदम चढवतं, आणि माणसाचं बोलणं लाटेवर बसल्यासारखं वरखाली होतं. इथे आवाजाची पातळी हाताने लावावी, बोलताना काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी. वायरलेस संचात कमी पातळीची दुसरी प्रत ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करावी. विसर्जन मिरवणुकीत ताशाच्या पुढ्यात हीच सोय कामाला येते.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या एका काकांनी दिलं, माइकने नव्हे. मी पातळी लावत बसले होते, तेव्हा ते म्हणाले, “ताई, आधी ठोकून घेतो, मग हात थांबवून बोलतो. दोन्ही एकदम कशाला हवं?” अगदी बरोबर होतं ते. ठोक्यांचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर, थोडं लांबून, वेगळा घेतला. बोलणं कॉलरवर, हातोडी खाली ठेवल्यावर. जोडताना ठोके बोलण्याखाली हलकेच ठेवले. जास्त महागाचा माइक घेऊन जे साधलं नसतं ते क्रम बदलून साधलं.

७. दिवा घेण्याआधी आहे तो उजेड कॅमेऱ्याला नीट दिसू द्यावा.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून ट्यूब आणि बरेचसे दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं आणि १/६० शटरवर असेल तर भिंतीवरून काळसर पट्टे सरकताना दिसतात. मेन्यूत ‘पाल’ (PAL) निवडून २५ चित्रं आणि १/५० शटर ठेवलं की ते बहुतेक जातात. यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही, आणि तरी मी बघितलेल्या कितीतरी सुंदर व्हिडिओंत ते पट्टे असतात. दुकानातल्या, देवळातल्या, स्वयंपाकघरातल्या चित्रीकरणाला यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो.

जुन्या वाड्यात उजेड चौकातून येतो. बोलणाऱ्याला सोप्यात, चौकाकडे तोंड करून बसवलं आणि अंधाऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला की चेहरा उजळतो. थर्माकोल कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. त्यानेही भागलं नाही तरच छोटा एलईडी दिवा. तो घेताना किती वॅटचा यापेक्षा त्याचा सीआरआय, म्हणजे तो रंग किती खरे दाखवतो याचा आकडा, ९५ च्या पुढे आहे का आणि रंग बदलता येतो का, हे बघावं. खिडकीचा उजेड साधारण ५६०० केल्विनचा निळसर, जुन्या पिवळ्या बल्बचा २७०० च्या आसपास. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की अर्धा गाल आजारी दिसतो. तांब्याचा लालसर रंग खरा यायला हवा असेल तर चांगल्या सीआरआयला पर्याय नाही. हलक्या दिव्यात तांबं पितळेसारखं दिसतं, आणि ज्याने ते घडवलं त्याला ते लगेच खटकतं.

८. ऊन फार असेल तिथे काळा चष्मा कॅमेऱ्यालाही लागतो, पण सगळ्यांनाच नाही.

मे महिन्यात दुपारी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर आयएसओ १००, शटर १/५० आणि छिद्र एफ/२.८ ठेवायचं म्हटलं तर उजेड जवळजवळ ६ स्टॉप जास्त होतो, म्हणजे हवा त्याच्या ६४ पट. तिथे एनडी६४ फिल्टर लागेल. झेडव्ही-१ मध्ये ३ स्टॉपचा फिल्टर आतच आहे, तो चालू करून छिद्र थोडं लहान केलं की भागतं. काही कॅमेऱ्यांत ती सोय नसते आणि छोट्या लेन्सला फिल्टर बसवायला आटेही नसतात, मग चुंबकाची रिंग चिकटवावी लागते.

एवढा खटाटोप करावा का, हे विषयावर ठरतं. उभं राहून नुसतं बोलायचं असेल तर शटर १/१००० वर गेल्याने बघणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. पण हातोडी, चाकावर फिरणारा कुंभाराचा हात किंवा लेझीम दाखवायची असेल, तर वेगवान शटरमध्ये हालचाल तुकड्यातुकड्यांची दिसते आणि हाताचा ओघ हरवतो. माझ्या विषयात हातच मुख्य, म्हणून फिल्टर माझ्या पिशवीत असतो. तुमच्या विषयात चेहरा मुख्य असेल, तर हे पैसे माइकवर जास्त चांगले लागतील.

९. स्टँड जितका लहान, तितका तो जास्त ठिकाणी चालतो.

छोटा कॅमेरा ३०० ग्रॅमच्या आसपास. त्याला मोठ्या ट्रायपॉडची गरज नसते. स्टँडचा स्क्रू सगळीकडे सारखाच, पाव इंची, त्यामुळे फार विचार न करता साधा, हाताची मूठ होणारा आणि पाय पसरले की टेबलावर उभा राहणारा स्टँड घ्यावा. एक गोष्ट मात्र तपासावी. स्थिरीकरण चालू केलं की चित्र कडेने कापलं जातं, आणि २४ मिलिमीटरची लेन्स असेल तर हात लांब करूनही चौकटीत चेहराच चेहरा येतो. अशा वेळी मुठीची लांबी कामी येते. रुंद लेन्सचा कॅमेरा किंवा २०२३ मध्ये आलेल्या ओस्मो पॉकेट ३ सारखा, अंगातच गिंबल असलेला कॅमेरा असेल, तर वेगळ्या गिंबलची गरज उरत नाही.

शनिवारवाडा, कार्ल्याची लेणी, आगाखान पॅलेस ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडची ठिकाणं. तिथे स्टँड लावून चित्रीकरण करायला आधी परवानगी काढावी लागते. नियम मला योग्य वाटतो, दगडाला आणि इतर माणसांनाही जागा लागते. अशा ठिकाणी मी कापडी पुरचुंडीत तांदूळ बांधून नेते. कट्ट्यावर पुरचुंडी ठेवायची, तिच्यात कॅमेरा रुतवायचा आणि हवा तसा कलवायचा. तो हलत नाही, कुणाच्या पायात येत नाही, आणि घरी आल्यावर तांदूळ डब्यात परत.

१०. बॅटरी आणि कार्ड यांच्यात बचत करू नये, कारण समोरचं बोलणं दुसऱ्यांदा मिळत नाही.

छोट्या कॅमेऱ्याची बॅटरीही छोटी. झेडव्ही-१ ची एनपी-बीएक्स१ फक्त १२४० मिलिअँपिअर-तासांची आहे, सलग चित्रीकरणात ती तासभर टिकेल असं धरू नये. दोन जादा बॅटऱ्या हव्यातच. पॉवर बँकेवर कॅमेरा चालत असेल तर उत्तम. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-तासांची होते. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक जवळच्या सामानात नेता येते, सोडलेल्या बॅगेत चालत नाही.

कार्डाचा हिशेब आठने भागण्याचा आहे. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल तर ते १२.५ मेगाबाइट झाले, म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट. ६४ च्या कार्डात साधारण ८५ मिनिटं. व्ही३० लिहिलेलं कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहितं, म्हणजे ते पुरून उरतं. त्याहून महागाचं कार्ड अशा कॅमेऱ्याला लागत नाही. एका मोठ्या कार्डापेक्षा मी दोन मध्यम कार्डं पसंत करते आणि त्याच रात्री सगळं दोन वेगळ्या डिस्कवर उतरवते. यात तंत्रापेक्षा जबाबदारीचा भाग मोठा आहे. ऐंशी वर्षांच्या कारागिराने आपल्या वडिलांच्या हाताबद्दल, भट्टीबद्दल, पूर्वीच्या गिऱ्हाइकांबद्दल सांगितलेलं असतं. ते माझ्याकडे ठेवायला दिलेलं असतं, आणि ठेव नीट सांभाळायची असते.

११. पुण्याच्या पावसासाठी डबा, आणि गल्लीसाठी साधी पिशवी.

जून ते सप्टेंबर इथली हवा लेन्सला मानवत नाही. बंद कपाटात, कातडी केसमध्ये ठेवलेल्या लेन्सवर बुरशीचे तंतू धरतात. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. निळी सिलिका गुलाबी झाली की ओल भरली, ती गरम करून पुन्हा वापरता येते. दुचाकीच्या हँडलला कॅमेरा किंवा फोन बांधून चित्रीकरण करायचा मोह टाळावा. मोटरसायकलच्या कंपनांनी कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बिघडू शकतं, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये आपल्या फोनबद्दल दिला होता.

कप्प्याकप्प्यांची मोठी बॅग मी पेठांत नेत नाही. खांद्यावरची शबनम, तिच्यात टॉवेलच्या कापडात गुंडाळलेला कॅमेरा, खिशात माइक. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत पट्टे, बकलं, पाव इंची बोल्ट, वेल्क्रो असं सगळं सुटं मिळतं, आणि चांगल्या ॲक्सेसरीजपैकी निम्म्या गोष्टी त्यातून घरीच जुळवता येतात. जे महाग आहे ते आधी भाड्याने आणून एका प्रत्यक्ष चित्रीकरणात वापरावं. दुकानात जाताना कॅमेरा बरोबर न्यावा, जोडून बघावं, रेकॉर्ड करावं, ऐकावं, मग पैसे द्यावेत. चांगला दुकानदार याला कधीच नाही म्हणत नाही.

१२. प्रत्येक वाढलेली वस्तू आपल्या आणि समोरच्या माणसाच्या मध्ये येते.

हे मला सगळ्यात उशिरा उमगलं आणि याच गोष्टीने सगळ्यात जास्त नमवलं. दिवा, स्टँड, वर केसाळ माइक असा थाट मांडला की काम करणारा माणूस काम थांबवतो. मावशी साडी बदलायला आत जातात, काका केस विंचरतात, पुढ्यातला पसारा आवरला जातो, आणि जे बघायला आपण गेलो ते हलतं. तोच कॅमेरा तांदळाच्या पुरचुंडीवर शेजारच्या स्टुलावर ठेवला, स्क्रीन मिटली आणि आपण चटईवर बसलो, की थोड्या वेळाने बांबूची पट्टी पुन्हा सोलली जाऊ लागते. बोलणं आपोआप सुरू होतं. छोट्या कॅमेऱ्याची खरी ताकद ही आहे. त्याच्यावर सामान चढवत गेलं की ती आपण आपल्याच हाताने घालवतो.

म्हणून कुणाचं बजेट बेताचं असेल तर माझा क्रम असा आहे. आधी कॉलर माइक, मग केसांची टोपी, मग एक जादा बॅटरी आणि एक जादा कार्ड, मग छोटा स्टँड. दिवा, फिल्टर, गिंबल यांची गरज जागेने दोनतीनदा सांगितली तरच. आणि या सगळ्याआधी, काहीही न घेता एकदा त्या माणसाकडे नुसतं जाऊन बसावं, चहा घ्यावा, काम बघावं. काय दाखवायचं ते तिथे कळतं, आणि ते कळलं की काय विकत घ्यायचं याचा गोंधळ फारसा उरत नाही.